बोर्ड बदलायच्या आधी हे वाचा

“टास्क बदलताना कर्नल प्रोसेसरचे सगळे रजिस्टर जपतो. तरी आकडा बिघडला तर दोष रॅमचा किंवा बोर्डचा. सरळ बोर्ड बदला.” सांगली-मिरजेतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर हा चार मुद्द्यांचा मेसेज फिरतोय, सोबत टास्क बदलायचा ‘तयार कोड’. (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आत चालू हिशेबाचे आकडे ठेवायच्या छोट्या जागा. टास्क म्हणजे आळीपाळीने चालणारं एकेक काम, आणि ती पाळी सांभाळणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल.) मेसेज वाचून माझ्या भाचीने नव्या बोर्डसाठी (प्रोसेसर बसवलेली छोटी पट्टी) दाजींकडे पैसे मागितले. तिचा प्रोजेक्ट हळदीच्या ड्रायरचं तापमान नोंदवायचा. ६० अंशांच्या जागी मध्येच भलताच आकडा येतो. बोर्ड धडधाकट आहे.

“सगळे रजिस्टर एकाच जागी, एका झटक्यात सेव्ह होतात.” सेव्ह होतात हे अर्धं खरं, तेवढं मान्य. पण ‘एकाच जागी’ कुठून आणलं? ६४-बिट इंटेलवर लिनक्समध्ये प्रोग्रामचे साधे रजिस्टर कर्नलमध्ये शिरतानाच स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यावर, जातात. टास्क बदलणारा असेंब्ली कोड (प्रोसेसरच्या थेट सूचनांत लिहिलेला) पुढे फक्त आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ हे रजिस्टर ठेवतो व स्टॅक पॉइंटर बदलतो. फ्लोटिंग पॉइंटवाल्यांची, म्हणजे अपूर्णांकी हिशेबाच्या रजिस्टरांची, वाट तिसरीच. काम इतक्या जणांत वाटलेलं असलं की चूक सांध्यावर होते.

“कर्नल चुकत नाही, हार्डवेअर चुकतं.” या वाक्याने लोकांचे पैसे जातात, म्हणून याच्यावरच जास्त लिहितो. २०१९ मध्ये लिनक्स ५.२ वर गो भाषेतले प्रोग्राम मेमरी बिघडून कोसळू लागले. शोध घेतल्यावर दोष कर्नलमध्येच निघाला. सिग्नल (चालू प्रोग्रामला मध्येच दिलेली सूचना) देताना कर्नल एव्हीएक्स रजिस्टर (अनेक आकड्यांचा हिशेब एकदम करणारे) प्रोग्रामच्या स्टॅकवर लिहितो. त्या क्षणी स्टॅकचं पान (मेमरीचा तुकडा) मेमरीत नसेल तर मध्येच टास्क बदलू शकतो. ‘हे रजिस्टर आत्ता कोणाचे’ हे कर्नलने परत आल्यावर पुन्हा वाचायला हवं होतं. जीसीसी ९ या कंपायलरने (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) तयार केलेला कोड आधी वाचलेलंच उत्तर वापरत होता. जीसीसी ८ ने बांधलेल्या कर्नलवर हा बग दिसत नव्हता. दुरुस्ती ५.३.१५ आणि ५.४.२ मध्ये आली. त्या लोकांनी रॅम बदलत बसायचं होतं का?

आता भाचीचा बोर्ड. त्यातल्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरमध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हाक) आला की हार्डवेअर आठ रजिस्टर स्वतः ठेवतं: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. आर४ ते आर११ कर्नलने ठेवायचे. फ्लोट (अपूर्णांकी आकडे) वापरात असेल तर त्याच्या रजिस्टरांपैकी एस० ते एस१५ हार्डवेअर बघतं, एस१६ ते एस३१ पुन्हा कर्नलकडे. तिने घेतलेला मेसेजमधला तयार कोड आर४ ते आर११ वर थांबतो. एस१६ चं नावच नाही! आणि तिचे दोन्ही टास्क फ्लोटमध्ये हिशेब करतात.

तपासणी अशी करा. असेंब्लीत दोन टास्क लिहा. सी मध्ये नको, कंपायलर रजिस्टर आपल्या सोयीने फिरवतो. पहिल्याने एस१६ ते एस३१ मध्ये १, २, ३ असे आकडे भरायचे, दुसऱ्याने १०१, १०२, १०३, आणि दोघांनी आपापले आकडे सतत तपासत राहायचं. फ्रीआरटीओएस या छोट्या बोर्डांसाठीच्या कर्नलच्या डेमोंमध्ये अशाच रजिस्टर चाचण्या आहेत. पहिल्याच्या एस१६ मध्ये १०१ सापडला तर विषय संपला. खराब रॅम शेजारच्या टास्कचा नेमका आकडा उचलून आणत नाही.

“प्रिंट टाकल्यावर बग गेला म्हणजे सुटला.” नाही. प्रिंट स्वतः रजिस्टर वापरतो आणि वेळ बदलतो. बग फक्त लपतो.

“कर्नल कोडमध्ये फ्लोट बिनधास्त वापरा.” लिनक्स एक्स८६ वर कंपायलरला एसएसई (फ्लोटच्या हिशेबाचे रजिस्टर आणि सूचना) वापरायची बंदी घालून बांधला जातो. गरज पडलीच तर कर्नल_एफपीयू_बिगिन आणि कर्नल_एफपीयू_एंड या दोन फंक्शनच्या मध्येच. नाहीतर भलत्याच प्रोग्रामचा आकडा पुसाल.

रॅमही खराब होते, नाही असं नाही. पण आधी चाचणी, मग खर्च. भाचीच्या कोडमध्ये एस१६ ते एस३१ स्टॅकवर ठेवणारी आणि परत काढणारी ओळ घालायची, आणि प्रत्येक टास्कचा ईएक्ससी_रिटर्न (इंटरप्टमधून परत कसं जायचं ते सांगणारा आकडा) वेगळा जपायचा. या टास्कने फ्लोट वापरलाय का, हे त्या आकड्याच्या ४ नंबरच्या बिटवरून (मोजणी शून्यापासून) कळतं.