‘नियमात बसत नाही’ एवढ्यावर भागत नाही

एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सार असा: नियमातून सूट मिळते ती वशिल्याने. साध्या माणसाच्या अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारला की कार्यालय मोकळं. साहेबांच्या मनात आलं तर मात्र काहीही शिथिल होतं. आणि एकाला सूट दिली की पायंडा पडतो, मग सगळ्यांना द्यावी लागते.

वशिला कुठेच चालत नाही असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण सूट हीच मुळात नियमबाह्य मेहेरबानी आहे, हे खोटं. ती बहुतेकदा नियमातच लिहिलेली असते. भारतात अखिल भारतीय सेवांच्या (आयएएस, आयपीएस वगैरे) १९६० च्या नियमांत तशी तरतूद आहे: एखाद्या प्रकरणात नियमामुळे अवाजवी जाच होत असेल, तर केंद्र सरकार तो शिथिल करू शकतं. म्हणजे इतरांना ‘नियमात बसत नाही’ सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या सेवाशर्तींतही ही खिडकी आहे!

आता शेऱ्याबद्दल. अमेरिकेत शिकागोच्या ‘वेट’ या रेडिओ केंद्राला फक्त दिवसा प्रसारणाची मुभा होती, कारण रात्री मध्यम लहरी दूरवर जातात आणि दुसऱ्या केंद्राच्या प्रसारणात अडथळा येतो. विशिष्ट दिशेलाच लहरी सोडणारा अँटेना लावतो, रात्रीही चालवू द्या, असा त्यांचा अर्ज होता. रेडिओ परवाने देणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने तो फेटाळला. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं: आयोगाला सरसकट नियमाने कारभार करता येतो तोच मुळी अपवादाची वाट खुली असते म्हणून, तेव्हा दखल घेण्याजोगा अर्ज कसून तपासावाच लागेल. ही गोष्ट सांगणारे सहसा इथेच थांबतात. पुढे आयोगाने पुन्हा विचार केला, पुन्हा नकारच दिला, आणि १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने तो मान्य केला. हक्क आहे तो नीट विचार होण्याचा, होकाराचा नाही. त्याच न्यायालयाने हेही बजावलं होतं की अर्जदारापुढचा अडसर सुरुवातीपासूनच उंच असतो.

साहेबांच्या मर्जीचं म्हणाल, तर दिलेली सूटही न्यायालयात टिकावी लागते. १९९० मध्ये याच आयोगाने एका मोबाइल परवान्याच्या प्रकरणात दिलेली सूट त्याच न्यायालयाने अवैध ठरवली. या प्रकरणात वेगळं काय होतं आणि पुढच्या अर्जदाराने कोणती कसोटी धरावी, हे आयोगाला सांगता आलं नव्हतं. अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात ती कसोटीच लिहून ठेवली आहे: मूळ कायद्याचा हेतू दुसऱ्या मार्गाने साधला जातो हे दाखवा, आणि नियम लावल्यास मोठा जाच किंवा अन्याय होईल हेही दाखवा. ‘माझी फार अडचण आहे’ एवढाच अर्ज पडतो तो बहुधा यातल्या पहिल्या अटीवर. शिवाय सूट मिळते ती कार्यालयाने केलेल्या नियमापासून, विधिमंडळाने केलेल्या खुद्द कायद्यापासून नाही. तिथे साहेबांचाही इलाज नसतो.

पायंड्याची भीती तर कार्यालयांचीच आवडती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चंडीगड प्रशासनाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की दुसऱ्याला बेकायदा लाभ मिळाला म्हणून मलाही द्या, असं मागता येत नाही. आणि सूट रीतसर, कारणं नोंदवून दिली असेल, तर ती कारणंच तिची हद्द ठरवतात. तीच परिस्थिती असलेला दुसरा कोणी आला तर त्यालाही मिळावी. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

खरी तक्रार वेगळीच आहे, दिरंगाईची. फ्लोरिडात परिपूर्ण अर्जावर ९० दिवसांत निर्णय झाला नाही तर तो मंजूर मानला जातो. जिथे अशी मुदत नाही, तिथे अर्ज फेटाळलाही जात नाही आणि मंजूरही होत नाही; तो ‘विचाराधीन’ राहतो. त्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही.