गिरवायचं नाही

माझं अक्षर वाईट आहे, हे मला पाटी-पेन्सिलीच्या वयापासून माहीत आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी केलेली वाणसामानाची यादी बायकोने उजेडात धरली, उलटी करून बघितली आणि म्हणाली, ''यादी मी करत जाईन. तू पिशव्या उचल.'' ती कामाची वाटणी आजतागायत चालू आहे. तिचं अक्षर मोत्याचं. पुण्यात शिकलेलं तिचं जपानीही तसंच, घोटीव. आम्ही तोक्योच्या निशिकासाईत राहायला आलो तेव्हा घराचे करारनामे तिने वाचले, मी सही केली. (निशिकासाईत आपली माणसं इतकी झाली आहेत की स्टेशनबाहेर उभं राहून मराठीत कुणाबद्दल वाईट बोलायची सोय उरलेली नाही.)

तर नोव्हेंबरात लग्नाला दहा वर्षं होणार होती. सोन्याचा भाव बघितला आणि मला एकदम कलेची ओढ वाटू लागली. ठरवलं, आपल्या हाताने एक अक्षर लिहून द्यायचं. जपानी ब्रशने, काळ्या शाईत, एकच अक्षर : प्रेम. हातात तीन महिने होते. एका अक्षराला तीन महिने म्हणजे चैनच, असं तेव्हा वाटलं होतं.

जवळच्या सभागृहात दर शनिवारी शोदोचा वर्ग भरतो. शोदो म्हणजे ब्रशने अक्षरं लिहिण्याची वाट. यातल्या 'वाट' या शब्दाकडे मी दुर्लक्ष केलं, ते चुकलं. जपानी शाळेत तिसरीपासून ब्रश हातात देतात, त्यामुळे वर्गात माझे सहाध्यायी आठ-नऊ वर्षांचे. सेन्सेई म्हणजे बाई, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. माझ्यामागे बसलेल्या मुलीला फळा दिसेना, तेव्हा मला सगळ्यांच्या मागे हलवलं. शाळेत माझं हेच झालं होतं.

मुलांना बाटलीतली तयार शाई. मला मात्र बाईंनी एक काळी वडी आणि एक दगड दिला. वडी काजळी आणि सरस मळून केलेली. दगडाला एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खोलगट भाग. उंचवट्याला म्हणायचं जमीन, खोलगट भागाला समुद्र. जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि वडी हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. मी ते बघितलं आणि जीव भांड्यात पडला. ही तर सहाण! आजोबांच्या पूजेसाठी मी सुट्टीभर गंध उगाळलेलं आहे. मी बाह्या सरसावल्या आणि पाच मिनिटांत शाई समुद्रात लोटली. बाईंनी ब्रश बुडवून एक रेघ ओढली. रेघ कसली, चहाचा डाग. ''कुरुकारुनी-सान,'' (जपानी तोंडात कुलकर्णीचं हे असं होतं) त्या म्हणाल्या, ''मो इचिदो.'' म्हणजे पुन्हा एकदा. हे दोन शब्द पुढे मी इतक्या वेळा ऐकले की आता झोपेत कुणी म्हटलं तरी माझा मनगटापासून हात फिरू लागतो.

वीस मिनिटं उगाळायचं. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. जुन्या गोष्टी वीस-वीस मिनिटं उगाळणं आमच्या घरात कुणालाही जमतं, पण गप्प बसून उगाळायची सवय कुणालाच नाही. त्यात बैठक वज्रासनाची. दहाव्या मिनिटाला पायांना मुंग्या आल्या, पंधराव्याला पाय माझे नाहीत अशी खात्री झाली, आणि वीस मिनिटांनी शाई तयार झाली म्हणून उठायला गेलो तो तसाच दगडावर. सुमीचा, म्हणजे या शाईचा, डाग कपड्यावरून जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या पँटवर अजून जमीन आणि समुद्र दोन्ही आहेत.

पहिले तीन शनिवार मी फक्त 'एक' लिहिला. जपानीत एक म्हणजे एक आडवी रेघ. पण ती रेघ सुरू होताना ब्रशचं टोक तिरकं टेकायचं, थांबायचं, मग ओढायचं, शेवटी परत थांबायचं, दाबायचं आणि मगच उचलायचं. ब्रश सरळ उभा, कोपर हवेत. माझी रेघ कधी सुरवंटासारखी यायची, कधी हाडासारखी. मागच्या मुलीने, म्हणजे आता पुढच्या, एकदा मान वळवून बघितलं आणि हळूच विचारलं, ''हा कोणता प्राणी?''

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. रेघ थोडी बारीक आली, तर मी सहज ब्रश परत त्यावरून फिरवला. वर्गात शांतता पसरली. एका मुलाने तोंडावर हात ठेवला. बाईंनी माझा कागद उचलला, खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. वाळल्यावर दुसऱ्यांदा फिरवलेली शाई वेगळी दिसते, जखमेवर खपली दिसावी तशी. ''निदोगाकी,'' बाई म्हणाल्या. दोनदा लिहिणं. शोदोमध्ये ते चालत नाही. एकदा ओढली ती रेघ ओढली. बिघडली तर नवा कागद घ्यायचा.

आता मला सांगा, गिरवू नको असं मराठी माणसाला सांगायचं म्हणजे काय? आमचा श्रीगणेशाच गिरवण्याने होतो. आजीने पाटीवर 'श्री' काढून दिला की तो इतका गिरवायचा की पाटीवर भाकरी थापल्यासारखा दिसावा. कित्ता गिरवायचा, पाढे घोटायचे, अक्षर घटवायचं. माझी सगळी वृत्तीच तशी झालेली. मी मेल पाठवल्यावर दुरुस्तीचा दुसरा मेल पाठवतो. बायकोशी भांडताना काही वेडंवाकडं बोलून गेलो की लगेच, ''म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणजे असं की...'' म्हणत त्यावरून फिरतो, आणि रेघ आणखी जाड होते. तीही असले कागद उजेडात धरून बघतेच.

धीर द्यायला बाई गोष्टी सांगत. हजार वर्षांपूर्वी, राजधानी क्योतोत होती तेव्हा, दरबारातल्या स्त्रिया पडद्याआड असत. चेहरा दिसायच्या आधी पत्र यायचं, आणि कवितेइतकंच त्यातलं वळणही बघितलं जायचं. कागदाचा रंग कोणता, सुगंध कोणता, सोबत फांदी कुठल्या फुलाची, हेही. रात्री भेट झाली तर सकाळी घरी पोचल्याबरोबर पुन्हा पत्र पाठवायची रीत. मी मनात हिशोब केला. त्या काळात जन्मलो असतो तर आजन्म ब्रह्मचारी राहिलो असतो.

दुसरी गोष्ट कूकाईची. हा बौद्ध भिक्खू ८०४ साली चीनला गेला, दोन वर्षांनी परतला आणि येताना संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी घेऊन आला. सिद्धम् म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. इथल्या कबरींमागच्या लाकडी पट्ट्यांवर ती अजून दिसते. हा कूकाई जपानचा अक्षरसम्राट. पण दंतकथा अशी की राजवाड्याच्या ओतेनमोन दाराची पाटी त्याने लिहिली, पाटी वर चढली, आणि मग लक्षात आलं की एक ठिपका राहिला. त्याने खालूनच ब्रश फेकला आणि ठिपका बरोबर जागी बसवला. यावरून 'कूकाईसुद्धा ब्रशला चुकतो' अशी म्हण पडली. मला म्हणीपेक्षा फेकण्याचा भाग आवडला. घरी एकदा करून बघितला. भाड्याच्या घराची अनामत रक्कम परत मिळण्याबद्दल आता मी फारसं बोलत नाही.

ऑक्टोबरात एकदाचं प्रेम आलं. तेरा रेघांचं. मधोमध चार रेघांचं हृदय : एक ठिपका, एक वळून आकडा होणारी रेघ, आणि दोन ठिपके. चीनने अक्षरं सोपी केली तेव्हा यातलं हृदय काढून टाकलं. त्या सुधारकांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. माझ्या हातून हृदयापर्यंत सगळं ठीक यायचं. हृदयाशी पोचलो की जागा संपायची आणि ठिपके शेजारच्या घरात जायचे. डाव्या कडेला नाव लिहायचं असतं, तिथे मुलांची दोन-तीन अक्षरांत मावणारी नावं. माझं 'कुरुकारुनी' वरून निघालं की कागदाच्या तळाशी आपटायचं.

त्यातच आईचा व्हिडिओ कॉल आला. ''हात काळे कशाने?''

''अक्षर लिहितोय. आइ.''

जपानीत प्रेमाला 'आइ' म्हणतात. हे पुढचं वाक्य मी बोलायच्या आत पलीकडे पदर डोळ्यांना लागला होता. ''तिकडे इतक्या लांब बसून आई लिहितोस बाळा?'' आता त्यावर ब्रश फिरवायची माझी छाती झाली नाही. निदोगाकी. दुसऱ्या दिवशी मामा, मावशी, समोरच्या काकू सगळ्यांना बातमी होती, आणि फ्रेम कुठल्या भिंतीवर लावायची तेही ठरलं होतं.

बिघडलेले कागद ही वेगळीच कटकट. बायकोपासून लपवायचे होते. जानेवारी असता तर सोय होती. इथे दोन जानेवारीला वर्षातलं पहिलं लेखन करतात आणि पंधरा तारखेच्या सुमाराला देवळाच्या होळीत ते कागद जाळतात. जळता कागद जितका उंच उडेल तितकं अक्षर सुधारतं, असं मानतात. पण होता नोव्हेंबर. मग तिची ऑफिसची वेळ साधून मी चाळीसेक कागद जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत भरले आणि कोपऱ्यावर कावळ्यांपासून वाचवायच्या जाळीखाली ठेवून आलो. एकच गोष्ट विसरलो. तोक्योत कचऱ्याची पिशवी आतलं दिसेल अशी लागते.

संध्याकाळी शेजारच्या आजी जिन्यात बायकोला भेटल्या. आधी थंडी सुरू झाली म्हणाल्या. मग पानं छान रंगली म्हणाल्या. मग वाकून अगदी हळू विचारलं, ''यजमानांची तब्येत बरी आहे ना?'' आणि घडी घातलेला एक कागद तिच्या हातात दिला. कुणी एवढं प्रेम एकदम टाकून देतं का, म्हणून त्यांनी वरचा एक काढून ठेवला होता.

तो कागद बायकोने जेवणाच्या टेबलावर पसरला. मी मान खाली घातली. तिने बोटाने एकेक रेघ मोजली.

''बाराच आहेत. हृदयाचा शेवटचा ठिपका राहिलाय.''

''टाकू?''

''टाक. पण फेकायचा नाही.''

मी दगड काढला, जमिनीवर चार थेंब पाणी टाकलं. म्हटलं, जरा वेळ लागेल.

''मग मी कुकर लावते,'' ती म्हणाली.

तिसरी शिट्टी झाली तरी शाई पातळच होती.