खुलासा: एकाच अर्थाचे तीन शब्द नसले तरी करार टिकतो

नागपुरातल्या घरमालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: भाडेकरारात 'रद्द, बातल व निरर्थक' हे तिन्ही शब्द नसतील तर करार कोर्टात टिकत नाही. हे चुकीचं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १० मागतं ते मोकळी संमती, करारास सक्षम पक्ष, कायदेशीर मोबदला आणि उद्देश. एकाच अर्थाचे शब्द तीनदा लिहा, असं त्यात कुठेही नाही. उलट, अर्थच निश्चित करता येत नसेल तर कलम २९ नुसार करार निरर्थक ठरतो. म्हणून 'रद्द' एकदाच, पण स्पष्ट लिहा. खरी काळजी घ्यायची ती नोंदणीची: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.