किल्ली कुणाकडं हाय?

फलकावर लिहिलंय 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे आयोजन'. फलकाखालच्या गेटला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं आहे ते गेटवरच्या पोराला ठाऊक नाही. परवा कोल्हापुरात फुटबॉलची फायनल सुटली तेव्हाचं हे चित्र. चार गेटं, त्यातलं उघडं एक, त्याचंही एकच पान. दुसऱ्या पानाची खिट्टी गंजून जमिनीत रुतलेली आणि पुढं चार मोटारसायकली लावलेल्या. पोरगं फोन लावतंय, "दादा, किल्ली तुमच्याकडं हाय का?" दादा स्टेजवर. लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं मागून रेटली जातायत आणि माइकवर मान्यवरांचे आभार चाललेत. त्याच माइकवरून "मागच्यांनी जागेवर थांबा, गेट मोकळं होतंय" एवढं एक वाक्य सांगायला कुणाला सुचलं नाही!

अरे, हिशेब तरी करा की. सपाटीवर एक मीटर मोकळ्या रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसं बाहेर पडतात, जिन्यावरून ६६. ब्रिटनमध्ये मैदानाची क्षमता असल्या आकड्यांवर ठरते आणि प्रेक्षक जास्तीत जास्त आठ मिनिटांत मोकळ्या वाटेला लागले पाहिजेत. म्हणजे दहा हजार माणसांना पंधरा मीटरहून जास्त रुंदी हवी. दीड मीटरच्या एका पानातून तेवढीच माणसं काढायला ऐंशी मिनिटं लागतील! तेवढा वेळ मागचा माणूस गप उभा राहील? त्याला पुढचं दिसतच नाही, तो ढकलत राहतो. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडं जायचं. आणि गर्दीत माणसं बहुतेकदा तुडवून मरत नाहीत, उभ्या-उभ्या मरतात. छाती फुगायला जागा उरत नाही, श्वास थांबतो.

कुलपानं काय होतं ते जगानं बघितलंय. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्डचं फुटबॉल मैदान, ११ मे १९८५. लाकडी स्टँड, फळ्यांखाली साठलेला कचरा, आग लागली आणि मागची गेटं बंद. ५६ माणसं गेली. पुढं मैदानात उतरता आलं म्हणून बाकीची वाचली. चार वर्षांनी इंग्लंडमधल्याच हिल्सबरो मैदानावर प्रेक्षक आणि मैदान यांच्यामधे जाळी होती, म्हणजे पुढं उतरायची वाटही गेली. बाहेरची गर्दी हलकी करायला गेट उघडलं, पण उभ्या प्रेक्षकांच्या आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडं जाणारा बोगदा कुणी बंद केला नाही. ९७ मेले. इंडोनेशियात २०२२ मध्ये कांजुरुहान स्टेडियमच्या आत अश्रुधूर सोडला. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम सांगतो, तो आत न्यायचाच नाही. १३५ मेले. आणि बेंगळुरू तर आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. ४ जून २०२५ ला स्टेडियमच्या दारातच ११ जीव गेले.

दरवेळी दोष प्रेक्षकांवर. हुल्लडबाज, दारुडे, बिनतिकिटवाले. हिल्सबरोच्या लोकांना 'तुमची चूक नव्हती' हे ज्युरीकडून ऐकायला २०१६ उजाडलं. २०२२ ला पॅरिसच्या चॅम्पियन्स लीग फायनलला गेटवर गोंधळ झाला, तेव्हाही आधी खोट्या तिकिटांचं कारण पुढं केलं, मग युएफानंच (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) नेमलेल्या चौकशीनं मुख्य जबाबदारी युएफावर टाकली. इथंही तेच. दोन पेठांचे समर्थक एकाच गेटातून सोडायचे, भिडले की लाठी, आणि दुसऱ्या दिवशी बातमी 'प्रेक्षकांचा गोंधळ'.

झडती आणि तिकीट एकाच अरुंद दारात घेणं हे तर लई संतापजनक. झडती दारापासून लांब, बाहेरच्या घेऱ्यावर हवी, तिकीट आत, मधे मोकळी जागा. नाहीतर रांग दारातच तुंबते. पण आपल्याकडं पाण्याची बाटली काढून घ्यायला सहा जण आणि बाहेर पडायच्या गेटावर एक पोरगं, तेही किल्लीविना.

ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेसारखं कुस्तीचं मैदान उभं केलं, त्या गावात हे चालतं याची चीड येते. ड्रोन नको, धुराची नळकांडी नकोत. पान बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, आत उघडणारं पान गर्दीच्या दाबापुढं उघडतच नाही. आत शेवटचा प्रेक्षक असेपर्यंत प्रत्येक गेटावर नेमलेला माणूस हवा, त्याला ते एका हातानं उघडता आलं पाहिजे. मोटारसायकली हटवा, खिट्टीला तेल घाला, साखळी काढून टाका.

पुढच्या मॅचला पहिल्या शिट्टीआधी चारही गेटं फिरून बघणार. कुलूप दिसलं तर तिथंच उभं राहून बोंब मारणार.