कर्ण आणि मेंढीकोट

गेल्या मंगळवारी जळगावच्या गाडीत, धरणगाव सुटल्यावर आणि पाळधी यायच्या आत, पत्त्यांच्या डावात माझ्या लॅपटॉपवर कोट झाला. चारही दश्श्या एकाच जोडीने उचलल्या. समोरच्या नानांनी हरल्याच्या रागात हातातलं शेवटचं पान असं काही आपटलं, की आत तुरीच्या खरेदीचं रजिस्टर दोन ओळी खाली सरकलं असावं.

लॅपटॉप बंद होता, बॅगेत होता. बॅग माझ्या मांडीवर होती आणि बॅगेवर रुमाल अंथरलेला होता. मला डावात घेतलेलं नव्हतं. मेंढीकोट मला येतो, शाळेत असल्यापासून येतो, पण कोणी विचारलंच नाही. खेळणारे चार होते आणि मी टेबलाचे पाय होतो.

हा मान याआधी कोर्टातल्या एका भाऊसाहेबांच्या ब्रीफकेसचा. ते रिटायर झाले आणि ब्रीफकेसही घेऊन गेले. महिनाभर मंडळींनी वर्तमानपत्रावर, पिशवीवर, एकदा तर कोणाच्या तरी हेल्मेटवर डाव मांडून पाहिला. मग एक दिवस सगळ्यांची नजर एकदमच माझ्या बॅगेकडे वळली. "भाऊ, किती इंची हाये हा?" मी आपला अभिमानाने सांगून बसलो. "मग बरोबर! चौदाचा असता तर इचारलंच नसतं तुम्हाले."

पंधरा पॉइंट सहाचा का घेतला, याची कहाणी फार मोठी नाही. मी अमळनेर-जळगाव अप-डाऊन करतो आणि जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, रोज घेऊन फिरायचंय ना? चौदाच घ्या." दुकानदार म्हणाला, "भाऊ, टॅलीचं काम ना? आकड्यांचा पट्टा लागेल उजव्या हाताला. चौदात तो मिळणं मुश्किल. पंधरा पॉइंट सहाच घ्या." दोघांचंही खरं होतं. म्हणून मी त्यातल्या त्यात जो समोर उभा होता त्याचं ऐकलं.

खोक्यावर वजन १.७ किलो लिहिलेलं होतं. हे वजन वधूपक्षाने सांगितलेल्या वयासारखं असतं, खोटं नसतं पण पूर्णही नसतं. त्यात चार्जर धरत नाहीत. एके दिवशी दुपारी मी किलो-किलोची पाकिटं भरायच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. लॅपटॉप १ किलो ७४०. चार्जर वायरीसकट ३८०. डबा, म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा, ९०० ग्रॅम. पाणी दोन लिटर, कारण मे महिन्यात पारा ४४ च्या वर गेला की त्याच्याखाली भागत नाही. नुसती बॅग ७०० ग्रॅम. एकूण ५ किलो ७२०. काट्याशेजारी उभा असलेला हमाल हे सगळं शांतपणे बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, आम्ही पन्नास किलोचं पोतं उचलतो, पण खाली ठेवतो."

मला हसू आलं नाही. आधी मिलमध्ये टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता. संध्याकाळी सहाला मी तो बंद करायचो आणि तो तिथेच राहायचा. अमळनेरला उतरताना हातात फक्त रिकामा डबा असायचा. मग शेठ म्हणाले, लॅपटॉप घेऊन टाकू, अर्धे पैसे मी देतो, तुम्हालाही सोयीचं. कोणाच्या सोयीचं, ते मला पहिल्याच महिन्याच्या १० तारखेला समजलं. ११ तारीख म्हणजे जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विवरणपत्राची शेवटची तारीख, आणि रात्री साडेदहाला मेसेज: "भाऊ, लॅपटॉप जवळच आहे ना?" अर्धे पैसे माझे, लॅपटॉप शेठचा. २० तारखेच्या आदल्या रात्री पुन्हा तेच, तेव्हा जीएसटीचंच दुसरं विवरणपत्र, थ्री-बी, असतं. दुकानात मला सगळ्यांनी विचारलं, स्क्रीन केवढी पाहिजे. घरी नेऊ नको म्हणणारा लॅपटॉप आहे का, असं मी विचारायला हवं होतं.

असो. तर मंगळवारच्या कोटानंतर मी गुरुवारी ठरवूनच गाडीत बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. चालू लॅपटॉपवर कोण पत्ते मांडेल? नानांनी नाराजीने रुमालाची घडी खिशात घातली. आता उघडला म्हटल्यावर काहीतरी काम करणं आलं. पण अमळनेरहून जळगावला जाताना सकाळचं ऊन समोरून येतं, खिडकीतून आत घुसतं, आणि या किमतीच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड २५० निट्स. खान्देशच्या उन्हापुढे २५० निट्स म्हणजे सूर्याला काडेपेटी दाखवणं. एक्सेल दिसत नव्हतं. माझी दाढी मात्र स्वच्छ दिसत होती, उजवीकडे राहिलेल्या चार केसांसकट. शिवाय तिघांच्या बाकावर आम्ही पाच जण. लॅपटॉप रुंदीला छत्तीस सेंटिमीटर, त्याच्या दोन्ही बाजूंना माझी दोन कोपरं, म्हणजे टाइप करताना मला शेजारच्याच्या बरगडीत पोचल्याशिवाय 'ए' दाबता येत नव्हता.

समोर एक सुतार मिस्तरी बसले होते. पायाशी हत्यारांची पिशवी, कानावर पेन्सिल. बराच वेळ मान तिरकी करून ते लॅपटॉपकडे बघत होते, जशी ते चौकट ओळंब्यात आहे का बघत असतील.

"भाऊ, हाई कितला इंची शे?"

अनुभवाने शहाणा होऊन मी या वेळी हळू आवाजात सांगितलं, "पंधरा पॉइंट सहा."

मिस्तरींनी काही न बोलता शर्टाच्या खिशातून पिवळी टेप काढली. विचारलं वगैरे काही नाही. पत्र्याची जीभ स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकवली, उजवीकडे ओढली आणि अंगठ्याने दाबून धरली. माझ्या पोटात गोळा आला, कारण पत्र्याचा ओरखडा वॉरंटीत बसत नाही.

"साडेतेरा नि एक सूत," त्यांनी जाहीर केलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग उभी टेप लावली. "साडेसात नि एक सूत. पंधरा कोठे शे यामा?"

नानांनी खिशातला रुमाल बाहेर काढून घाम पुसला. त्यांना आता पत्त्यांपेक्षा चांगलं काहीतरी मिळालं होतं.

"ते कर्णाने मोजतात," मी म्हणालो.

"कोनता कर्ण? महाभारतना?"

"तिरपं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

मिस्तरींनी तिरपी टेप लावली. साडेपंधरा नि एक सूत. माप बरोबर निघालं म्हणून मी निःश्वास सोडला, पण त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. साधी चोरी असती तर त्यांनी समजून घेतलं असतं. ही चोरी पद्धतशीर होती, हे त्यांना लागलं.

"म्हंजे मी उद्या सात बाय तीनना दरवाजा आसा तिरपा मोजीसन साडेसात फुटी म्हनीसन इकसू. तुमी लेशात का?"

मी नाही म्हणालो. कोण घेईल?

"पलंग तिरपा मोजू? कपाट तिरपं मोजू? गिऱ्हाईक माले चौकटले बांधी ठेवई!"

मग मला ज्ञान पाजळायची हौस आली, जी अशा वेळी आवरायला हवी. मी सांगितलं, की पूर्वी टीव्हीची काचेची नळी तोंडाशी गोल असायची. गोल वस्तूचा व्यासच मोजणार. पुढे तोंड चौकोनी झालं, पण मोजायची खोड तिरपीच राहिली, टीव्हीचीही आणि लॅपटॉपचीही. तिरपा आकडा मोठा येतो, त्यामुळे ही खोड मोडावी असं कोणत्या कंपनीला वाटेल?

पलीकडच्या बाकावरच्या एक मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हंजे मांडासारखं! घडी करी का चौकोनी दिखस, पन माप गोलनं."

डब्यात दोन क्षण शांतता झाली. खापरावरचा पुरणाचा मांडा, घडी घालून पानात वाढलेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. एवढं सोपं स्पष्टीकरण दुकानदाराला जमलं नव्हतं, भाच्यालाही नव्हतं. पण मिस्तरी मानायला तयार नव्हते. मांडा कोणी इंचावर विकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता.

नानांनी तोवर तोंडी हिशेब केला होता. "कितीला घेतला? एक्कावन्न हजार? म्हणजे इंचाला सव्वातीन हजार. रुंदीत दोन इंच कमी भरले. साडेसहा हजाराला टोपी. भाऊ, ग्राहक मंचात टाका." मी रोज कोटींच्या तुरीचे हिशेब लिहिणारा माणूस, आणि पाळधीपर्यंत अख्ख्या डब्याने मला दोन इंचांना फसलेला बावळट ठरवून टाकलं होतं. जळगावला उतरताना एका अनोळखी माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं भाऊ असं," तो म्हणाला.

शनिवारी मी गुपचूप दुकानात जाऊन चौदा इंची पाहून आलो. टेप नेली होती, आता लाज कसली. नवीन चौदात बरेचसे लॅपटॉप सोळाला दहाच्या प्रमाणात येतात, माझा सोळाला नऊचा. म्हणजे काय, ते मोजल्यावर समजलं. रुंदी बाराला एक सूत कमी, पण उंची सव्वासात नि एक सूत. उंचीत माझ्यापेक्षा फक्त दोन सूत कमी! एक्सेलच्या ओळी जवळपास तेवढ्याच दिसणार, कापले जाणार ते उजवीकडचे कॉलम. वजन १.४ किलो. म्हणजे चांगले तीनशे ग्रॅम वाचत होते. आकड्यांचा पट्टा वेगळा विकत मिळतो, वायरीचा, पण तो घेतला की तोही बॅगेत आला, हरवला की शोधणं आलं. आणि जुन्याचं काय करू? दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, एक्स्चेंजमध्ये टाका." आकडा त्याने सांगितला, मी तो इथे लिहीत नाही. शेठ अर्धे पैसे एकदाच देतात. खाली येऊन उसाचा रस प्यायलो, बर्फ न घालता, आणि घरी आलो.

आज सकाळी गाडीत चढलो तर मिस्तरी माझी वाट बघत होते. शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती. मला वाटलं, त्या दिवसाचं वाईट वाटून माणूस मन मोठं करतोय. तसंच होतं, दुर्दैवाने. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फळी काढली. सहा एमएमचा प्लाय, वर गुळगुळीत सनमायका, चारही कडांना पट्टी, कोपरे गोल घासलेले. कोणाच्या तरी किचन ट्रॉलीतून उरलेल्या तुकड्याची, पण कामात कुठे कसूर नव्हती.

"तुमना लॅपटॉपले तरास व्हई ऱ्हायंता ना," ते म्हणाले. "आते पत्ता याना वर."

माझ्या घशात खरंच काहीतरी आलं. नानांनी फळीवर हात फिरवला. कोणीतरी म्हणालं, मिस्तरीचा हातच वेगळा. पैसे किती, म्हणून विचारलं तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली, एवढंच. मग प्रश्न निघाला की फळी रोज आणायची कोणी. नानांकडे फक्त डबा. तिसरा धरणगावला चढतो, चौथ्याचा भरवसा नाही.

"भाऊनी बॅगमा बठस बराबर," मिस्तरी म्हणाले. गुरुवारी स्क्रीन मोजता मोजता त्यांनी बॅगही मोजून ठेवली होती. फळी लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात सरकवून दाखवली. सूतभरही इकडेतिकडे नाही. चौदाच्या बॅगेत ती शिरली नसती.

मिलमध्ये पोचल्यावर मी तिचं वजन केलं. ४१० ग्रॅम.

पण ते नंतर. गाडीत तेव्हा पत्ते पिसून झाले होते. फळी ठेवायला आधार हवा, म्हणून ती माझ्या बॅगेवर ठेवली, आणि बॅग माझ्या मांडीवर. रुमालाची आता गरज नव्हती. नानांनी पानं वाटली, चार जणांना, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, जरा पाय जुळवून बसा. डाव हालतोय."