लुटेशियम-१९० आणि मामांचं इंजेक्शन

परवा रात्री साडेदहाला मामींचा फोन आला. मामांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आहे, पुढच्या आठवड्यात लुटेशियम या किरणोत्सारी औषधाचा पहिला डोस ठरलाय, आणि आता मामा म्हणतात नको. कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेने पाच नवी रेअर अर्थ मूलद्रव्यं बनवली, त्यामुळे चीनची मक्तेदारी संपली, ती सेकंदाच्या आत नष्ट होतात, म्हणजे कुणी मोजली असणं शक्यच नाही, आणि त्यातलंच लुटेशियम आपल्याकडे कॅन्सरच्या रुग्णांना टोचतात, ते जन्मभर अंगात राहतं.

सेकंदात नष्ट होतं आणि जन्मभर राहतं. एवढा विरोध धडधडीत समोर असताना लोक पुढे पाठवतात कसं, याचाच संताप येतो.

मूलद्रव्य एकही नवं नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या ‘एफरिब’ प्रयोगशाळेचा निबंध फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. त्यात थुलियम-१८२ आणि १८३, यटर्बियम-१८६ आणि १८७, लुटेशियम-१९० अशी पाच नवी समस्थानिकं आहेत, म्हणजे जुन्याच मूलद्रव्यांची न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेली रूपं. प्लॅटिनम-१९८चा झोत प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने कार्बनवर आदळवला आणि उडालेल्या तुकड्यांतून ही मोजकी अणुकेंद्रं निवडून काढली. त्यांनी मक्तेदारी कसली मोडणार? चीनचा जोर आहे तो खाणींवर आणि शुद्धीकरणाच्या कारखान्यांवर. तिथला हिशेब टनांत चालतो.

मोजमापाबद्दल थोडं कबूल करतो. त्या निबंधात या पाचांची फक्त ओळख पटवली आहे: चुंबकात किती वळतात, ठरावीक अंतर किती वेळात कापतात, डिटेक्टरमध्ये किती ऊर्जा सोडतात, यावरून. अर्धायुष्य, म्हणजे निम्मी अणुकेंद्रं नष्ट व्हायला लागणारा वेळ, मोजणं हे वेगळं काम. पण ‘शक्यच नाही’ म्हणणं साफ चूक. जपानच्या ‘रिकेन’मधल्या गटाने २०१७ मध्ये सीझियमपासून होल्मियमपर्यंतच्या ९४ समस्थानिकांची अर्धायुष्यं प्रसिद्ध केली. अणुकेंद्र सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये रुतलं की वेळेची एक नोंद होते, त्याच जागेतून बीटा कण (क्षय होताना बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन) निघाला की दुसरी. एका जोडीवरून फारसं कळत नाही. अशा पुष्कळ जोड्या जमल्या की उतरता आलेख मिळतो आणि त्यावरून अर्धायुष्य निघतं.

आता ज्याने मामांची झोप उडवली तो मुद्दा. मामांना मिळणार ते लुटेशियम-१७७, मिशिगनचं ते १९०. दोन्हींत प्रोटॉन ७१च, पण १७७मध्ये न्यूट्रॉन १०६ आणि १९०मध्ये ११९. या तेरा न्यूट्रॉनांमुळे दोघांचा स्वभाव पार बदलतो. १७७चं अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस. म्हणजे आठवड्याच्या आत निम्मं, आणि दहा अर्धायुष्यांत, साधारण ६७ दिवसांत, हजारातला एक भाग उरतो. हा नुसता क्षयाचा हिशेब झाला. शिवाय बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातो. क्षय होऊन त्याचं हाफ्नियम-१७७ बनतं, ते स्थिर आहे. लुटेशियमचे बीटा कण शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात, म्हणून तर औषध गाठीला चिकटवून आत पोचवतात. आणि हे लुटेशियम काही मिशिगनहून येत नाही. आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही ते बनतं, लुटेशियम-१७६वर न्यूट्रॉनांचा मारा करून.

‘जन्मभर’ हा शब्द कुठून आला असेल, याचा अंदाज आहे. या पद्धतीत लुटेशियम-१७७एम नावाचं भावंडही (१७७चंच जास्त ऊर्जेचं रूप) अत्यल्प प्रमाणात तयार होतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६० दिवस. ते प्रमाण तपासलं जातं. आणि १६० दिवस म्हणजे जन्म नव्हे.

इंजेक्शननंतर अंगातून थोडे गॅमा किरण बाहेर येतात, हेही खरं. त्यांच्याच आधारे औषध कुठे पोचलं ते स्कॅनमध्ये दिसतं. मामींना मी एवढंच सांगितलं: तारीख रद्द करू नका. नातवाला काही दिवस मामांच्या मांडीवर देऊ नका. किती दिवस, ते न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मामांनी पाणी भरपूर प्यायचं, आणि संडास वापरल्यावर दोनदा फ्लश करायचा.