केचप की ग्रेव्ही?

अमेरिकेत आलेल्या आईबापांना मुलं नायगारा दाखवतात. आमच्या चिरंजीवांनी आम्हाला रस्त्याकडेचा एक खांब दाखवला. तो मिशिगन टेकला शिकतो, म्हणजे होटन गावात. सुपीरियर सरोवरात घुसलेलं कीविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे, तिथे. खांब कसला, तर बर्फ मोजायची पट्टी. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच बर्फ पडला होता. म्हणजे तीन मजली घर झाकेल इतका. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, त्यामुळे बर्फातून सुटलो. खाण्यातून सुटलो नाही.

तिथलं मुख्य खाणं म्हणजे पॅस्टी. तांब्याच्या खाणींत काम करायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून जे खाणकामगार आले, त्यांनी ती आणली. मागाहून आलेल्या फिनलंडच्या लोकांनी ती आपलीच म्हणून टाकली. दिसायला तळहातापेक्षा मोठी, भाजलेली करंजी. आत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमच्या जातीचा पिवळट कंद. आम्ही भाज्यांची मागितली. ती मिळते. पण पारीत डुकराची चरबी आहे का, हे वेगळं विचारावं लागतं आणि ते विचारलं की रांगेतले सगळे मागे वळून बघतात.

"केचप की ग्रेव्ही, हनी?" काउंटरमागच्या आजीबाईंनी विचारलं.

प्रश्न साधा वाटतो. ह्यांनी आपलं सहज "ग्रेव्ही" म्हटलं. दुकानात शांतता. आजीबाईंनी ग्रेव्ही दिली, पण देताना खिडकीबाहेर हात करून म्हणाल्या, "ग्रेव्ही पुलापलीकडचे लोक खातात."

पूल म्हणजे होटन आणि हॅनकॉकच्या मधला, उचलता येणारा पूल. १९५९ चा. बोट आली की मधला तुकडा सरळ वर जातो आणि दोन्ही गावांची वाहनं मुकाट उभी राहतात. एरवी गाडीने पूल ओलांडायला दोन मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी आम्ही हॅनकॉकला गेलो. तिथल्या मुख्य रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीबरोबर फिनिश भाषेतही आहेत. जानेवारीत त्यांचा हेइकिनपैवा नावाचा सण असतो आणि त्यात बायकोला पाठीवर घेऊन बर्फात पळायची शर्यत होते. हे ऐकताच ह्यांनी कोणी न विचारता गुडघ्याचं दुखणं काढलं.

आदल्या दिवशीचा अनुभव गाठीशी होता, म्हणून ह्यांनी इथे ठासून "केचप" सांगितलं. वाढणारी मुलगी खूश झाली. "बरोबर! ग्रेव्ही ते पुलापलीकडचे खातात," असं म्हणून तिनेही हात केला, होटनच्या दिशेला.

चिरंजीवांचं म्हणणं, दोघीही चूक. ग्रेव्ही म्हणे खालच्या मिशिगनमधले लोक खातात, मिशिगन राज्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग जोडणाऱ्या मॅकिनॉ पुलाच्या दक्षिणेचे. इकडचे त्यांना ट्रोल म्हणतात, कारण ते 'पुलाखाली' राहतात. एकूण काय, वाईट खाणारे कुठल्या ना कुठल्या पुलापलीकडे असले पाहिजेत.

मला यात नवल वाटलं नाही. माझं माहेर मिरजेचं, सासर सांगलीचं. मधे दहाएक किलोमीटर. १९९८ मध्ये सरकारने कुपवाडसकट तिन्ही गावांची एक महापालिका केली, म्हणून काय झालं? सांगलीच्या माणसाला मिरजकर म्हणून बघा एकदा.

हॅनकॉकमध्ये निसू नावाचा गोड पाव खाल्ला. वेणी घातलेला, वरून चकचकीत. तुकडा तोडला आणि वेलदोड्याचा असा भपकारा आला की मला थेट दिवाळीतलं माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. वेलदोडा भरड कुटलेला होता, दाताखाली काळे दाणे येत होते. मी तोंडभर कौतुक केलं. मुलगी म्हणाली, "होटनवाले वेलदोड्यात हात आखडतात." ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी होटनमध्येही निसू घेतला, तर तिथेही तितकाच वेलदोडा. पण हे मी पुलाच्या कुठल्याच बाजूला बोलले नाही.

शेवटी आम्ही वीसेक किलोमीटर उत्तरेला कॅल्युमेटला गेलो. तिसरं गाव, तटस्थ असेल. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पाच मिनिटांत तो भ्रम घालवला. दोन्ही गावांतले लोक पॅस्टीत गाजर घालतात, असं त्यांनी सांगितलं. "गाजर!" असं ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने मान खाली घातली. गाजराचा विषय संपला तेव्हा बर्फावरची हॉकी निघाली. पैसे घेऊन खेळायची हॉकी आमच्याकडे सुरू झाली असं होटन सांगतं, १९०४ ची लीग दाखवतं. पण कॅल्युमेटचं १९१३ चं बंदिस्त रिंक आजही चालू आहे. "त्यांचं जुनं कुठाय? जळालं!" गृहस्थ म्हणाले. १९२७ च्या आगीचं त्यांना अजून समाधान होतं.

मग माझ्या पुढ्यात दोन वाट्या आल्या. एक केचपची, एक ग्रेव्हीची. चार टेबलं बघत होती. मी दोन्ही वाट्या बाजूला सारल्या, पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि पॅस्टीवर भुरभुरली. गृहस्थांनी चिमूटभर मागितली. खाल्ली. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरी चिमूटही त्यांनीच घेतली.

"तुमच्या देशात सगळे असंच करतात हे?"

"छे," मी म्हणाले, "हे आमच्या मिरजेतच. शेजारच्या गावात लसूण घालायचा कंटाळा करतात."

"सांगलीत," ह्यांनी तोंडातला घास न गिळताच इंग्रजीत खुलासा केला, "चटणीला चटणीची चव लागते. मिरजेत नुसता लसूण."

गृहस्थांनी बायकोकडे बघितलं आणि खुर्ची आमच्या टेबलाजवळ ओढून घेतली.